विश्लेषण : बिअर उत्तम, जेवण यथातथा, बिल भरमसाट… ‘ब्रूपब’मध्ये असे का होते?

पुण्यात बाणेर-बालेवाडी, मुंढवा, कोरेगाव पार्क. मुंबईत अंधेरी किंवा लोअर परळ. शुक्रवारी रात्री नऊनंतर या भागांतील बिअरसाठी नावाजलेल्या रेस्तराँबाहेर टेबलासाठी थांबलेल्यांचा घोळका दिसतो. तिथे जाऊन आलेल्यांचे दुसऱ्या दिवशीचे अभिप्राय मात्र साधारण एकाच साच्यातले असतात. बिअर झकास होती, फ्राइज गार होत्या, ऑर्डर यायला पाऊण तास लागला, वेटर सापडत नव्हता आणि बिल पाहून सगळी नशा उतरली. एकाच छताखाली एक गोष्ट इतकी चांगली आणि दुसरी इतकी सुमार कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर मालकाच्या हेतूत कमी आणि या व्यवसायाच्या रचनेत जास्त आहे. बिअर आणि जेवण हे इथे दोन वेगळे धंदे असतात. त्यांचे वेळापत्रक वेगळे, कर वेगळे आणि तक्रार करायची दारेही वेगळी. ग्राहकाच्या हातात मात्र एकच बिल येते.

मायक्रोब्रुअरी आणि साधा बार यांत फरक काय?

महाराष्ट्रात बारला आजही ‘परमिट रूम’ म्हणतात. हा शब्द १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आला. कायद्याने दारूबंदीच गृहीत धरली असून, पिणाऱ्याने परवाना घ्यायचा आणि परवानाधारकांनी ठरलेल्या खोलीत बसून प्यायचे, अशी ती व्यवस्था आहे. कायद्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले असले तरी परवान्याची अट कायम आहे. बहुतेक ग्राहकांना ती ठाऊकही नसते, हा भाग वेगळा.

परमिट रूममध्ये कारखान्यात भरलेली बाटली उघडून दिली जाते. मायक्रोब्रुअरीत बिअर तिथेच तयार होते. काचेपलीकडे दिसणाऱ्या स्टीलच्या टाक्या नुसत्या शोभेच्या नसतात. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘डूलाली’ ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्यानंतरच्या दशकात पुणे, मुंबई, बेंगळूरु आणि गुरुग्राम या शहरांत ही संस्कृती रुजली. तिसरा प्रकार टॅपरूमचा. तिथे बिअर बनत नाही, दुसरीकडे बनलेली बिअर केगमधून म्हणजे स्टीलच्या पिंपातून येते आणि नळाने दिली जाते. पाटीवर ‘ब्रू’ हा शब्द असला म्हणजे बिअर आतच बनते असे नाही. ताजेपणासाठी जास्त पैसे मोजणाऱ्याने हे विचारून घेतलेले बरे.

तिथली बिअर चांगली का लागते?

बार्ली म्हणजे सातू भिजवून, मोड आणून, सुकवून माल्ट तयार होतो. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातील स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी गाळून, हॉप्स घालून उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे. हॉप्स ही कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले असतात. ती लांब दिवसांच्या थंड प्रदेशात येतात. हिमाचलमधील लाहौलचा अपवाद वगळता भारतात त्यांची लागवड नाही, त्यामुळे बहुतेक हॉप्स आयात होतात.

पुढचे काम यीस्टचे. इडलीच्या पिठाप्रमाणे इथेही तापमान चुकले की चव चुकते. पण इडलीचे पीठ एका रात्रीत आंबते, बिअरला आठवडे लागतात. एल प्रकारची बिअर १५ ते २४ अंशांत आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागर ८ ते १३ अंशांत हळूहळू आंबते आणि नंतर थंडीत मुरवावी लागते, म्हणजे पाच-सहा आठवडे गेलेच. आता टाकीच्या बाजूने पाहू. एल बनवणारी टाकी वर्षातून १७ ते २६ वेळा भरता येते, लागरची जेमतेम आठ ते दहा वेळा. जागेचे भाडे दोन्ही टाक्यांना सारखेच. मेन्यूत गव्हाची बिअर, अंबर एल, स्टाउट, आयपीए यांची गर्दी आणि लागर एखादीच का असते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास हीसुद्धा यीस्टची करामत आहे. त्यात ना केळे असते ना लवंग.

मुद्दा असा की बिअरची गुणवत्ता ग्राहक दारात येण्याच्या काही आठवडे आधीच ठरलेली असते. शुक्रवारी रात्री गर्दी चौपट झाली तरी टाकीतल्या बिअरची चव बदलत नाही. नळ उघडायचा आणि ग्लास भरायचा, एवढेच काम उरते.

तरीही बिअर बिघडते, आणि बहुतेकदा ती टाकीत नव्हे तर टाकी ते ग्लास या प्रवासात बिघडते. नळापर्यंतच्या नळ्यांत यीस्ट आणि जिवाणूंचा थर साचतो. या नळ्या दर १४ दिवसांनी रसायनाने धुवाव्यात, अशी अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे. धुतल्या नाहीत तर बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश असेल तर फेस टिकत नाही, बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. असा ग्लास परत करण्यात काहीच गैर नाही. उलट बर्फात गोठवलेला ग्लास मिळाला म्हणून खूश व्हायचेही कारण नाही. अतिथंड बिअरची चव जिभेला कळत नाही. साध्या लागरला ते चालून जाते, पण सुगंधासाठी जास्त पैसे घेतलेल्या बिअरचा सुगंधच त्यात मारला जातो.

मग जेवण का फसते?

स्वयंपाकघराचे गणित नेमके उलटे आहे. तिथे सगळे काम ग्राहक बसल्यानंतर सुरू होते आणि सगळे ग्राहक एकाच वेळी बसतात. शुक्रवार-शनिवारी रात्री आठ ते अकरा या तीन तासांत आठवड्याच्या धंद्याचा मोठा भाग होतो. स्वयंपाकघर या तीन तासांसाठी मोठे बांधायचे तर उरलेला आठवडा ते रिकामे पडते. शिवाय शहरातील महागड्या जागेचा बराच भाग टाक्यांनी आधीच व्यापलेला असतो.

गर्दी दीडपट झाली की वेळही दीडपट लागेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. रांगेच्या गणिताचे सर्वात साधे मॉडेल घेतले तर स्वयंपाकघर क्षमतेच्या ६० टक्क्यांवर चालताना ऑर्डरला जितके ताटकळावे लागते, त्याच्या सहापट ९० टक्क्यांवर लागते. काम दीडपट, प्रतीक्षा सहापट. मंगळवारी १५ मिनिटांत आलेले चिकन विंग्ज शनिवारी पाऊण तास घेतात ते यामुळे. त्यात वेटरचा दोष कमी असतो, बोलणी मात्र त्यालाच बसतात.

दुसरी अडचण तळणीची. बिअरमधील कडवटपणा आणि कार्बन डायऑक्साइड तोंडातील तेलकटपणा धुऊन काढतात, म्हणून बिअरसोबत तळलेले पदार्थ जगभर खाल्ले जातात. परमिट रूममधील शेंगदाणा मसाला आणि पापडाची जागा इथे फ्राइज, विंग्ज, कांद्याच्या रिंग्ज आणि कॉर्न बॉल्सनी घेतली आहे. म्हणजे प्रत्येक टेबलाची निम्मी ऑर्डर एकाच फ्रायरकडे जाते. तळणीचे तेल १७० ते १८० अंशांवर असावे लागते. त्या तापमानाला पदार्थातील पाण्याची झटकन वाफ होते, ती बाहेर ढकलते आणि तेल आत शिरू शकत नाही. घाईत गोठवलेल्या बटाट्याच्या दोन-तीन टोपल्या एकदम सोडल्या की तापमान कोसळते, वाफेचा जोर ओसरतो, कुरकुरीत कवच धरत नाही आणि पदार्थ तेल पितो. ‘फ्राइज मऊ आणि तेलकट होत्या’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. त्याच फ्राइज सात वाजता मागवल्या तर चांगल्या मिळतात.

तिसरे कारण मेन्यूचे. ग्रुपमध्ये कुणाला पिझ्झा हवा असतो, कुणाला बटर चिकन, कुणाला सुशी. कुणीच नाराज होऊ नये म्हणून मेन्यू फुगत जातो. पदार्थ जितके जास्त, तितका प्रत्येक पदार्थाचा खप कमी, आधी कापून किंवा शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेला माल जास्त आणि स्वयंपाक्याचा त्या पदार्थावरचा हात कच्चा. चांगल्या बिअरसोबत २० पदार्थांचा मेन्यू देणारी जागा १२० पदार्थ देणाऱ्या जागेपेक्षा बहुधा चांगले जेवण देते.

बिअर आणि पदार्थाची जोडी जमवण्यातही गडबड होते. हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल यांनी तिखट आणखी झोंबते. तांबड्या रश्श्याच्या धाटणीचा झणझणीत पदार्थ आणि कडवट आयपीए एकत्र घेतले तर दोन्हींची मजा जाते. अशा पदार्थाबरोबर गव्हाची सौम्य बिअर आणि तंदूरमधील भाजलेल्या पदार्थांबरोबर अंबर एल चांगली जाते. हे वेटरने सांगायला हवे. पण नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे असलेल्या या क्षेत्रात टेबलावर येणारा मुलगा अनेकदा महिनाभरापूर्वीच रुजू झालेला असतो.

‘पाइंट’ म्हणजे नेमके किती?

ब्रिटनमध्ये पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अमेरिकेत ४७३. भारतातील बारमध्ये ‘पाइंट’ मागितला की ३३० मिलिलिटरची छोटी बाटली येते. ब्रूपबमध्ये हाच शब्द ३३० साठीही वापरतात आणि ५०० साठीही. त्यामुळे दोन ठिकाणच्या किमतींची तुलना ग्लासवर न करता १०० मिलिलिटरवर करावी लागते. ३३० मिलिलिटरचा ग्लास ४०० रुपयांना म्हणजे १०० मिलिलिटरला सुमारे १२१ रुपये. ५०० मिलिलिटरचा ५५० रुपयांना म्हणजे ११०. महाग दिसणारा ग्लास इथे स्वस्त ठरतो.

फेसाचा वाद तर जुनाच. वर बोटभर फेस असणे चांगले, सुगंध त्यातूनच येतो. पण तो मापात धरायचा की मापाच्या वर? जर्मनीत ग्लासवर रेघ कोरलेली असते आणि द्रव तिथपर्यंत असावाच लागतो. आपल्याकडे काठोकाठ भरल्यावर ५०० मिलिलिटर होणाऱ्या ग्लासात दोन बोटे फेस आला, तर तेवढी बिअर कमी मिळते आणि पैसे पूर्ण जातात.

बिलात काय काय असते?

पिण्यासाठीचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. जेवणावर जीएसटी लागतो. साध्या रेस्तराँसाठी तो १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के आहे, मात्र रेस्तराँला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाडे, यंत्रसामग्री यांवर मालकाने भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो पदार्थाच्या किमतीत मुरतो. ग्राहकाला पाच टक्के दिसतात, प्रत्यक्ष बोजा त्याहून जास्त असतो.

उदाहरणादाखल एक बिल पाहू. समजा चौघांनी १,६०० रुपयांचे पदार्थ आणि ४५० रुपयांप्रमाणे चार ग्लास, म्हणजे १,८०० रुपयांची बिअर घेतली. बेरीज ३,४००. पदार्थांवर पाच टक्के जीएसटी ८० रुपये, बिअरवर दहा टक्के व्हॅट १८० रुपये. एकूण ३,६६०. पण बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज जोडला तर ३४० रुपये वाढतात. अनेक ठिकाणी या सर्व्हिस चार्जवरही जीएसटी लावतात, त्याचे आणखी १७. बिल ४,०१७ होते. ३५७ रुपयांचा हा फरक सरकारी करांच्या ओळींमध्ये असा बसवलेला असतो की तोही करच वाटावा. प्रत्यक्षात त्यातील ३४० रुपये सरकारकडे जात नाहीत. बिअरच्या किमतीवरच जीएसटी लावलेला दिसला तर ती सरळ चूक आहे, ती दुरुस्त करून मागावी.

सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (सीसीपीए) ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेल किंवा रेस्तराँने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, तो देण्यास नकार देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारू नये, असे त्यात म्हटले आहे. रेस्तराँ संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळून मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. ग्राहकाने स्वेच्छेने टिप द्यायला मनाई नाही, सक्ती मात्र करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. या निकालाविरोधात संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले.

रेस्तराँचालकांचे म्हणणे असे की हा पैसा स्वयंपाकघरातील भांडी घासणाऱ्यापासून सर्वांना वाटला जातो, तर टिप फक्त वेटरला मिळते. युक्तिवादात तथ्य आहे. पण मग तो खर्च मेन्यूतील किमतीत धरायला कुणाचीच हरकत नाही. तसे केले तर किंमत आधीच दिसते आणि ग्राहकाला जायचे की नाही ते ठरवता येते. अडचण नेमकी इथेच असावी.

पाण्याच्या बाटलीचे प्रकरण वेगळे आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दर लावला म्हणून भांडणाऱ्यांनी १२ डिसेंबर २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. हॉटेलातील विक्री ही वस्तू आणि सेवा यांची एकत्रित असल्याने तिथे एमआरपीचे बंधन लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यावरच ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने संघटनांना तोंडी विचारले की २० रुपयांची बाटली वातावरणाच्या नावाखाली १०० रुपयांना विकता, मग सेवेचे वेगळे पैसे कशाचे?

किमती वाढत का आहेत?

हॉप्सची आयात, टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्रांचे चोवीस तासांचे वीजबिल, महानगरातील भाडे हे खर्च आहेतच. त्यात राज्याच्या धोरणाची भर पडली. गंमत म्हणजे बिअरचा खप घटतो आहे म्हणून तिच्यावरील उत्पादन शुल्काचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये अभ्यासगट नेमला आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट पाचवरून दहा टक्के केला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. या वाढीतून बिअर आणि वाइन वगळण्यात आली. पण बहुतेक ब्रूपबमध्ये व्हिस्की आणि कॉकटेलही विकले जातात, तिथे फटका बसलाच. व्हॅट, परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क या तिन्ही वाढींच्या विरोधात ‘आहार’ या संघटनेने १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बार आणि परमिट रूम बंद ठेवले होते.

दारात ओळखपत्र का मागतात?

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की, रमसारख्या मद्यासाठी २५ आहे. एकाच टेबलावरील २३ वर्षांच्या ग्राहकाला बिअर देता येते, कॉकटेल नाही. पुण्यात कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये झालेल्या कार अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यातील अल्पवयीन चालकाला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारवर कारवाई झाली. त्यानंतर ही तपासणी कडक झाली. ‘आधी कधी मागत नव्हते’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, चुकीची सर्व्हिस दिली तर परवाना जागेच्या मालकाचा जातो.

तक्रार कुठे करायची?

एका रात्रीच्या तक्रारींसाठी चार कार्यालये आहेत. सर्व्हिस चार्ज काढायला आधी व्यवस्थापकाला सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे भरले असले तरी तक्रार करता येते, फक्त बिल हवे, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा. अन्न शिळे किंवा अस्वच्छ असेल तर अन्न व औषध प्रशासन. बिलावर छापलेला एफएसएसएआय परवाना क्रमांक तिथे उपयोगी पडतो. बिअरलाही अन्न सुरक्षेचे नियम लागू आहेत. मद्यपेयांसाठीची स्वतंत्र मानके एप्रिल २०१९ पासून अमलात आली आहेत. माप कमी भरले तर वैधमापन यंत्रणा, आणि वय, वेळ किंवा परवान्याचा प्रश्न असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभाग. फ्राइज मऊ होत्या याची दाद मात्र यापैकी कुठेच लागत नाही. त्या टेबलावरूनच परत पाठवाव्या लागतात, आणि त्याही खाऊन संपवण्याआधी.